भारतातून मागवलेलं पार्सल जर्मनीच्या कस्टममध्ये अडकतं तेव्हा

दिवाळीच्या मागेपुढे जर्मनीतल्या कुठल्याही मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "आईने पुण्याहून पार्सल पाठवलंय, फ्रँकफर्टला पोचल्याचं दिसतंय, पुढे काहीच हलत नाहीये. कोणाला फोन करू?" उत्तरंही ठरलेली असतात. एकजण म्हणतो वाट बघ, दुसरा म्हणतो कुरिअरनेच पाठवायला हवं होतं, आणि तिसरा त्याच्या मावसबहिणीचं पार्सल एक पैसा न भरता कसं आलं ते रंगवून सांगतो. पार्सल नेमकं कशासाठी अडकलंय, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि ते कळल्याशिवाय कुठलाही सल्ला कामाचा नाही.

जर्मन कस्टमला, म्हणजे इथल्या भाषेत त्सोलला, पार्सलबद्दल तीन गोष्टी हव्या असतात: आत काय आहे, त्याची किंमत किती, आणि ते कोणी कोणाला कशासाठी पाठवलं. तिन्हींची उत्तरं पार्सलच्या बाहेर वाचता येतील अशी लिहिलेली असली तर बहुतेक पार्सलं फारशी रेंगाळत नाहीत. एखादं उत्तर नसलं, किंवा आहे पण पटण्यासारखं नसलं, की पार्सल बाजूला पडतं आणि तुमच्या नावाने पत्र निघतं. तेव्हा तुमचं पार्सल यातल्या कोणत्या प्रश्नावर अडलंय ते आधी शोधायचं.

आधी पार्सल कुठे आहे ते बघा

इंडिया पोस्टने पाठवलेल्या पार्सलचा नंबर दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन असा असतो. हाच नंबर जर्मन पोस्टच्या ट्रॅकिंगवरही चालतो, आणि पार्सल जर्मनीत शिरल्यानंतर तिथली माहिती जास्त ताजी असते. भारतातल्या साइटवर "मुंबईहून रवाना" हे वाक्य पंधरवडाभर तसंच राहिलं तरी घाबरायचं कारण नाही.

कस्टमकडे सोपवल्याची नोंद दिसत असेल तर टपालपेटीकडे लक्ष ठेवा. बोलावणं बहुतेक वेळा कागदी पत्रानेच येतं, आणि इथेच आपली कितीतरी माणसं फसतात. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघतो. तुम्ही मित्राच्या घरी भाड्याने राहत असाल आणि पेटीवर फक्त त्याचं नाव असेल, तर पत्र "असा कोणी राहत नाही" म्हणून परत जातं. मागोमाग मुदत संपून पार्सलही परत जातं. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं आडनाव ठेवलेल्या बायकांच्या बाबतीत हे फार होतं: सासूबाई पार्सलवर सासरचं आडनाव घालतात, पेटीवर असतं माहेरचं. कागदाच्या चिटोऱ्यावर दोन्ही आडनावं लिहून पेटीला चिकटवा, पाच मिनिटांचं काम आहे. घरातल्या माणसांना पत्ता पाठवताना "फ्लॅट ३०२, तिसरा मजला, बेकरीच्या मागे" असलं काही न घालता नाव, रस्ता आणि घर क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि गाव एवढंच द्या. दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर "सी/ओ" लिहून त्याचं नाव घाला. शिवाय जर्मन मोबाइल नंबर.

ट्रॅकिंगवर पार्सल भारतातून निघालंच नसेल तर दोष बहुधा जाहीरपत्राचा, म्हणजे पार्सलवरच्या कस्टम फॉर्मचा आहे. युरोपात विमानाने येणाऱ्या मालाची माहिती आता विमान सुटण्याआधीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावी लागते. ही सक्ती टपालासाठी २०२१ साली सुरू झाली आणि २०२३ पासून आणखी कडक झाली. फॉर्मवर नुसतं "गिफ्ट आयटम्स" किंवा "हाउसहोल्ड गुड्स" लिहिलं तर ते चालत नाही. "कॉटन कुर्ता, २ नग, ३०० ग्रॅम, ९०० रुपये" असं, प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ करून लिहावं लागतं. पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाला कंटाळा आला की तो एकाच ओळीत उरकतो. पाठवणाऱ्याने तिथेच थोडं अडून बसलेलं बरं.

पत्र आलं, आता पुढे काय

पत्रात साधारण दोन रस्ते दिलेले असतात: कागदपत्रं पाठवून द्या, किंवा नेमून दिलेल्या कस्टम कार्यालयात, त्सोलआम्टमध्ये, स्वतः या. तिसरा रस्ता त्सोलच्या ऑनलाइन पोर्टलवरचा आहे. टपालाने आणि कुरिअरने आलेल्या मालासाठी खासगी माणसाला तिथे मालाची घोषणा (डिक्लरेशन) स्वतः भरता येते. जर्मन वाचायची सवय असेल आणि कार्यालय गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत असेल (बहुतेक ठिकाणी असतंच), तर पोर्टल बरं. पण आत खाण्याचे पदार्थ किंवा शंका येण्यासारखं काही असेल तर समोरासमोर बोलणं केव्हाही सोयीचं. तिथले अधिकारी सहसा खडूस नसतात. कागद पुढे आला की कामाला लागतात.

जाताना पत्र, पासपोर्ट किंवा रेसिडेन्स परमिट, आणि किमतीचा पुरावा न्या. पुरावा म्हणजे दुकानाचं बिल आणि पैसे भरल्याची नोंद, दोन्ही. बिल एकटं असलं तर पुरतंच असं नाही, कारण बिल कोणीही छापू शकतो. बँकेच्या स्टेटमेंटची किंवा यूपीआय पावतीची प्रिंट जोडा आणि त्यावर रुपयांची रक्कम ठळक करा. आईने तुळशीबागेतून रोखीने घेतलेल्या वस्तूंचं बिल नसणारच. तिथे वस्तूंची यादी आणि खरी किंमत लिहून, आईच्या सहीचा कागद फोटो काढून मागवा. अधिकारी तो डोळे झाकून मान्य करेल असं नाही, पण अंदाज बांधायला त्याच्या हातात काहीतरी येतं. पार्सल तुम्हालाच त्याच्यासमोर उघडावं लागतं. डबा आईने सेलोटेपच्या सात थरांत बांधलेला असतो, तेव्हा घाईची वेळ निवडू नका.

"गिफ्ट लिहिलं होतं, तरी पैसे मागतायत"

सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात, आणि बहुतेक वेळा कस्टमचंच बरोबर असतं.

भेटवस्तूची सूट ४५ युरोंपर्यंत आहे. तेवढ्या किमतीपर्यंत ना आयात शुल्क, ना आयातीवरचा व्हॅट. पण अटी आहेत: पाठवणारा खासगी माणूस, घेणारा खासगी माणूस, मोबदला काही नाही, आणि असं पाठवणं कधीमधीचं, सणावाराचं. दर महिन्याला त्याच मामाकडून त्याच आकाराचा खोका आला तर अधिकारी भुवया उंचावणारच.

यातली पहिली अट सर्वात जास्त मोडली जाते. भाऊ पुण्यात बसून भारतातल्या एखाद्या शॉपिंग साइटवर तुमच्यासाठी घड्याळ घेतो, पत्ता थेट तुमचा जर्मनीतला घालतो आणि "गिफ्ट रॅप" वर टिक करतो. त्याच्या मनात ती भेट आहे. कस्टमच्या दृष्टीने मात्र ते दुकानाने ग्राहकाला पाठवलेलं पार्सल आहे, कारण पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव आहे. ४५ युरोंची सूट इथे लागू नाही. उपाय एकच: भावाने माल आधी स्वतःच्या घरी मागवायचा आणि तिथून स्वतःच्या नावाने पाठवायचा.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःच स्वतःला पाठवलेलं पार्सल. सुट्टीला भारतात गेलो, बॅगेत मावलं नाही, म्हणून उरलेलं पोस्टाने पाठवलं. पाठवणारे तुम्ही, घेणारेही तुम्ही; ही भेट नाही. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला मिळणारी ४३० युरोंची सवलतही इथे चालत नाही, कारण ती फक्त सोबतच्या सामानाला आहे. अशा वेळी उरलेलं सामान घरच्यांकडे ठेवून, नंतर त्यांनी त्यांच्या नावाने थोडं थोडं पाठवणं बरं. तुमच्या जुन्या वस्तू जर्मनीतूनच तुमच्यासोबत गेलेल्या असतील, उदाहरणार्थ फोटो काढायला नेलेला कॅमेरा, तर तो परत आणलेला माल ठरतो आणि त्यावर वेगळी सूट आहे. पण तो इथून गेला होता हे दाखवावं लागतं: जर्मन खरेदीची पावती किंवा जाताना घेतलेला कस्टमचा दाखला.

भेटवस्तू ४५ च्या वर गेली की लोक हात टेकतात. पण नियमात एक बारीक सोय आहे. पार्सलमध्ये अनेक वस्तू असतील आणि एकूण किंमत ४५ च्या वर जात असेल, तर त्यातल्या ज्या वस्तू ४५ च्या आत बसतात तेवढ्यांना सूट मिळू शकते. फक्त एकाच वस्तूची किंमत तोडून अर्धी आत, अर्धी बाहेर करता येत नाही. म्हणजे ३० युरोंचा कुर्ता आणि ४० युरोंची चादर असेल तर एकीला सूट आणि दुसरीवर कर. ७० युरोंच्या एकाच शालीला मात्र काही सूट नाही. यासाठीच फॉर्मवर प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी असली पाहिजे. "सर्व मिळून ७० युरो" लिहिलं की ही सोय मागायची जागाच उरत नाही.

४५ ते ७०० युरोंच्या भेटवस्तूंवर जर्मनीत सपाट दराने आकारणी होते, भारतातून येणाऱ्या मालावर साधारणपणे १७.५ टक्के. पुस्तकांना हा सपाट दर महाग पडतो, कारण पुस्तकांवर आयात शुल्क नाही आणि व्हॅट फक्त ७ टक्के. काउंटरवर सपाट दराऐवजी नेहमीच्या दराने आकारणी करा म्हणून सांगा. मोठ्या खोक्यात दिवाळी अंकांची चळत मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काही वस्तूंना किंमत कितीही कमी असली तरी वजनाची किंवा मापाची मर्यादा आहे: दारू, तंबाखू, अत्तर-परफ्यूम (५० ग्रॅमपर्यंत), आणि जर्मनीत कॉफीसुद्धा, ५०० ग्रॅमपर्यंत. जर्मनी कॉफीवर वेगळा कर लावते, भाजलेल्या कॉफीला किलोमागे २.१९ युरो. कूर्गची कॉफी पावडर तीन किलो मागवणाऱ्याला हे बिल बघून चक्कर येते. चहा बिनधास्त मागवा.

दुकानातून मागवलं असेल तर

१ जुलै २०२१ च्या आधी २२ युरोंपर्यंतचा माल व्हॅटशिवाय येत असे. ती सूट गेली, आणि अजूनही जुन्या सल्ल्यावर चालणारे लोक आहेत. आता दुकानातून मागवलेल्या प्रत्येक वस्तूवर व्हॅट पडतो: बहुतेक मालावर १९ टक्के, पुस्तकं आणि बऱ्याचशा खाण्याच्या जिनसांवर ७ टक्के. आयात शुल्क मात्र १५० युरोंच्या वर गेल्यावरच लागत आलं आहे. यात बदल होतोय: युरोपीय संघाने डिसेंबर २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून १५० च्या आतल्या ऑनलाइन खरेदीवर वस्तूच्या प्रत्येक प्रकारामागे ३ युरोंचं सपाट शुल्क बसतं. म्हणजे पाच प्रकारच्या किरकोळ चिजा एका खोक्यात मागवणं आता तितकंसं स्वस्त नाही.

हिशेब कसा होतो ते एकदा बघून घ्या, म्हणजे बिल आल्यावर धक्का बसत नाही. शेरवानी १६० युरोंची, पाठवणावळ २५. शिवलेल्या कपड्यांवर आयात शुल्क १२ टक्के, तेही पाठवणावळ धरून १८५ वर: २२.२० युरो. मग व्हॅट १८५ अधिक २२.२० यांच्यावर, म्हणजे २०७.२० वर १९ टक्के: ३९.३७. एकूण ६१.५७ युरो, शिवाय पोस्टाने किंवा कुरिअरने तुमच्या वतीने पैसे भरल्याची त्यांची हाताळणी फी. शेरवानी १४५ युरोंची असती तर १२ टक्क्यांचा भाग वाचला असता, १ जुलै २०२६ नंतर मात्र वर सांगितलेलं सपाट शुल्क धरायचं. १५० ची ही मर्यादा मोजताना, बिलावर पाठवणावळ वेगळी दाखवली असेल तर ती धरत नाहीत. म्हणून विक्रेत्याला वेगळी ओळ करायला सांगा. व्हॅट मात्र पाठवणावळीवरही लागतोच. मराठी पुस्तकं मागवणाऱ्यांना हे बोचतं, कारण टपालखर्च पुस्तकांपेक्षा जास्त असतो.

व्हॅट दोनदा गेला

मोठ्या साइट खरेदीच्या वेळीच युरोपचा व्हॅट कापून घेतात. त्यासाठी त्यांच्याकडे आयओएसएस नावाचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक माहितीतून कस्टमपर्यंत जायला हवा. मधल्या एखाद्या कुरिअरने तो पुढे पाठवला नाही, तर कस्टमला वाटतं व्हॅट भरलेलाच नाही, आणि पोस्टमन दारात पुन्हा तेवढेच पैसे मागतो.

पार्सल घेण्याआधी हे लक्षात आलं तर ते ताब्यात घेऊ नका. विक्रेत्याला सांगा, क्रमांक दुरुस्त करून घ्या. कस्टम कार्यालयात खरेदीची पावती दाखवून, त्यात कापलेला व्हॅट दिसत असला तरी, अधिकारी सहसा तो ग्राह्य धरत नाही, कारण क्रमांक त्याच्या यंत्रणेत आलेला नसतो. नाइलाजाने पैसे भरलेच तर कस्टमची आकारणीची पावती जपून ठेवा आणि ती दाखवून विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळी घेतलेला व्हॅट परत मागा. परतावा त्यानेच द्यायचा असतो, कस्टमने नाही. ग्राहकसेवेचा पहिला माणूस "कस्टमला विचारा" म्हणून हात झटकतो. तेव्हा आकारणीचा कागद जोडून लेखी मागा, फोनवर घालवलेला वेळ वाया जातो.

औषधं

या एका गोष्टीत मी कोणालाही "बघू, येईल कदाचित" असं सांगत नाही. युरोपबाहेरून जर्मनीत खासगी माणसाला टपालाने औषधं मागवता येत नाहीत. आईने पाठवलेली असोत की ऑनलाइन घेतलेली, प्रिस्क्रिप्शन असो वा नसो. क्रोसिनची पाकिटं, थायरॉईडच्या गोळ्या, डोकेदुखीचा बाम, त्रिफळा चूर्ण, सगळं यातच येतं. "पण हे तर आयुर्वेदिक आहे, झाडपाल्याचं" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. डब्यावर कुठलाही आजार बरा करण्याचा दावा छापला असेल तर जर्मन कायद्याच्या दृष्टीने ते औषध ठरू शकतं. च्यवनप्राश, अश्वगंधाच्या कॅप्सूल हे मधले प्रकार आहेत: कधी खाद्य म्हणून सुटतात, कधी औषध म्हणून अडकतात, आणि निर्णय कस्टम एकटं घेत नाही, औषधांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या कार्यालयाचं मत मागवलं जातं. तोवर पार्सलमधलं बाकी सगळंही तिथेच बसून राहतं. एका बामाच्या डबीपायी पैठणी अडकून पडते.

आधीच अडकलं असेल तर औषधं सोडून देण्याची तयारी दाखवा आणि बाकीचा माल वेगळा करून मागा. अधिकारी बहुतेकदा तयार होतो.

यावर सरळ मार्ग दोन आहेत. स्वतः प्रवास करताना सोबतच्या सामानात वैयक्तिक वापराची औषधं आणता येतात, साधारण तीन महिन्यांच्या गरजेइतकी. सोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट असू द्या. सुट्या गोळ्या डबीत भरून आणू नका. दुसरा मार्ग फारसा कोणाला माहीत नसतो: भारतात चालू असलेलं नेमकं औषध जर्मनीत मिळत नसेल, तर इथल्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर जर्मन औषधाचं दुकान ते तुमच्यासाठी परदेशातून कायदेशीरपणे मागवू शकतं. महाग पडतं, वेळ लागतो, पण होतं. त्याआधी डॉक्टरला औषधाचं मूळ द्रव्याचं नाव सांगा. बरेचदा तेच औषध इथे वेगळ्या नावाने मिळत असतं आणि सगळी धावपळ वाचते.

फराळ, पेढे आणि हापूस

दूध आणि मांस यांपासून केलेल्या पदार्थांना युरोपीय संघाबाहेरून खासगी पार्सलमध्ये बंदी आहे. पेढे, बर्फी, खवा, तूप, पनीर, सगळं बाद. किंमत, वजन, भेट असणं-नसणं याचा इथे काही संबंध नाही. बिस्किटं, केक, मिठाई यांत दुधाचं प्रमाण ठरावीक मर्यादेत असेल तर सूट आहे, पण घरगुती डब्यावर प्रमाण लिहिणार कोण? साजूक तुपातला बेसनाचा लाडू सुटेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी घरच्यांना तेलातला फराळ पाठवायला सांगतो: चकली, शेव, कडबोळी, चिवडा, शंकरपाळे तेलाचं मोहन घालून. लाडू इथे करतो. जर्मन बटरचं तूप उत्तम होतं, हे भारतातल्या आज्यांना मान्य नसलं तरी.

ताज्या वनस्पतीजन्य मालाला, म्हणजे फळं, कढीपत्ता, तुळशीचं रोप, पेरायचं बियाणं यांना, वनस्पतीआरोग्याचा दाखला लागतो. तो सरकारी अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो आणि घरगुती पार्सलला तो कोणी काढत नाही. अपवाद मोजके: केळं, नारळ, खजूर, अननस, ड्युरियन. आंबा त्यात नाही. भारतीय आंब्यात फळमाशी सापडल्यामुळे युरोपने १ मे २०१४ पासून आंब्याची आयात थांबवली होती. २०१५ च्या सुरुवातीला ती बंदी उठली, पण ती व्यापारी मालासाठी, तपासणी आणि दाखल्यासह. रत्नागिरीहून मामाने पोस्टाने पाठवलेली पेटी आजही अडकेल. वाळवलेला कढीपत्ता, मसाले, पापड, कोकम, लोणची यांना सहसा कोणी हात लावत नाही. फक्त लोणच्याची बाटली फुटली तर तेलाने अख्ख्या पोत्यातली पार्सलं माखतात, आणि तुमचं पार्सल कस्टमने नव्हे, पोस्टानेच बाजूला काढलेलं असतं. लोणचं पाऊचमध्ये सील करून पाठवा. मालवणी मंडळींसाठी: सुक्या मासळीला दूध-मांसासारखी सरसकट बंदी नाही, सोबतच्या सामानातून खासगी वापरापुरती आणता येते. विमानातल्या शेजाऱ्याचा विचार तुमचा तुम्ही करा.

नवीन आलेले आणि विद्यार्थी

यांना मोठी सवलत आहे आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. भारतात निदान वर्षभर राहून कायमचे जर्मनीत आला असाल, तर आल्यापासून बारा महिन्यांच्या आत येणारं तुमचं वापरलेलं घरसामान शुल्कमुक्त येतं. वस्तू निदान सहा महिने तुमच्या वापरात असायला हव्यात, आणि पुढचं वर्षभर त्या विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या नाहीत. यासाठी ०३५० क्रमांकाचा फॉर्म आहे. त्याबरोबर आनमेल्डुंगचा (राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीचा) कागद, नोकरीचा करार आणि वस्तूंची यादी. घरच्यांना पार्सलवर "युज्ड पर्सनल इफेक्ट्स" असं लिहून यादी आत आणि बाहेर दोन्हीकडे ठेवायला सांगा. कुकर किंवा मिक्सर नवाकोरा खोक्यासकट पाठवला तर तो वापरलेला ठरत नाही. शिवाय दुकानातून मागवलेलं विजेचं उपकरण सीई खुणेशिवाय (युरोपच्या सुरक्षा-नियमांत बसत असल्याची खूण) आलं तर सुरक्षिततेच्या कारणावरून थांबवलं जाऊ शकतं.

शिकायला आलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे: अभ्यासाचं साहित्य, कपडे आणि विद्यार्थ्याच्या खोलीतलं नेहमीचं सामान त्याच्या स्वतःच्या वापरासाठी शुल्कमुक्त आणता येतं. विद्यापीठाचं एनरोलमेंट सर्टिफिकेट दाखवा आणि ही सूट हवी आहे असं स्पष्ट म्हणा.

कुरिअरवाल्याने सगळं सांभाळतो म्हटलं होतं

पुण्या-मुंबईत घरून डबे उचलून परदेशी पोचवणारे एजंट भरपूर आहेत. सेवा सोयीची आहे, पण त्यांची एक खोड असते: बिलावर १० डॉलर लिहून "सँपल, नो कमर्शियल व्हॅल्यू" ठोकून देणं. तुमच्या नावावर चुकीची घोषणा दाखल होते आणि जाब तुम्हाला विचारला जातो. पैठणीच्या खोक्यावर १० डॉलर दिसले की अधिकारी स्वतः बाजारभाव शोधतो, आणि कर चुकवण्याचा प्रयत्न म्हणून पुढची चौकशीही होऊ शकते. खोका देण्याआधी बिलाची प्रत मागवून घ्या. खरी किंमत लिहायला तो तयार नसेल तर दुसरा एजंट बघा. आणि शुल्क कोण भरणार हे आधी विचारा. "डीडीपी" म्हणजे पाठवणाऱ्याकडून सगळं भरून. तसं नसेल तर शुल्क, व्हॅट आणि कुरिअरची आगाऊ भरणा फी तुमच्या दारात.

रक्कम चुकीची वाटते, किंवा पार्सल नकोच

आकारणीचा कागद हा करनिर्धारणाचा आदेश असतो. त्याविरुद्ध एका महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते, तिला फी नाही. कोणत्या हाउप्टत्सोलआम्टकडे, म्हणजे मुख्य कस्टम कार्यालयाकडे, ती पाठवायची ते कागदावर लिहिलेलं असतं. किंमत चुकीची धरली, भेटवस्तूची सूट दिली नाही, पुस्तकांवर १९ टक्के लावले, अशा मुद्द्यांवर पुराव्यासह लिहिलं तर दुरुस्ती होते. हरकत घेतली म्हणून आकारलेली रक्कम थांबत नाही. ती आधी भरा, माल घ्या, मग लिहा.

मोबाइलवर "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, १.९९ युरो भरा" असा मेसेज लिंकसकट आला तर तो पुसून टाका. त्सोल एसएमएसवर लिंक पाठवून पैसे मागत नाही. नेमकं त्याच आठवड्यात तुमचं खरं पार्सल वाटेत असलं की मोह होतो; तेव्हा नंबर स्वतः ट्रॅकिंगच्या पानावर टाकून बघा.

आणि शुल्क मालाच्या किमतीपेक्षा जास्त वाटत असेल तर पार्सल न स्वीकारण्याची मुभा आहे. ते परत जाईल की तिथेच नष्ट होईल, हे पाठवणाऱ्याने भारतात फॉर्म भरताना कोणत्या चौकटीत खूण केली होती त्यावर ठरतं. परतीचा खर्च पाठवणाऱ्याच्या माथी येऊ शकतो. तो बहुधा तुमची आई असते, म्हणून नकार देण्याआधी तिला एक फोन करा.